उसाच्या एका टनावर केंद्राचा अधिकार किती, राज्याचा किती?

कलमदान (धागाकर्ता)

गाळप हंगाम सुरू झाला की दोन मागण्या एकाच निवेदनात लिहिलेल्या दिसतात. एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर किमान दर) वाढवा, आणि थकलेली एफआरपी मिळवून द्या. निवेदन मात्र एकाच टेबलावर जातं. एफआरपीचा आकडा ठरवणं राज्याच्या हातात नाही, आणि थकबाकीची वसुली दिल्लीतून होत नाही. कोणत्या गोष्टीचा मालक कोण, हे माहीत नसल्यामुळे शेतकऱ्याचे आठवडे वाया जातात. म्हणून हा धागा.

केंद्र आणि राज्य यांच्यातली वाटणी राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे: संघ सूची, राज्य सूची, समवर्ती सूची. "शेती राज्याकडे, उद्योग केंद्राकडे" एवढ्यावर थांबलं तर उसाचं काहीच कळत नाही, कारण ऊस जागा बदलतो तशी त्याची नोंदही बदलते.

शेतात उभा असताना तो राज्य सूचीतल्या नोंद १४ मध्ये, म्हणजे शेतीत. त्याला मिळणारं पाणी राज्याच्या नोंद १७ मध्ये; पण ती नोंद संघ सूचीतल्या ५६ च्या अधीन आहे, म्हणून कृष्णा खोऱ्यात लवादाने ठरवलेल्या वाटपाबाहेर राज्याला जाता येत नाही. कारखाना चालवणारी संस्था सहकारी असेल तर राज्याची नोंद ३२. कारखाना हा उद्योग म्हणून मात्र संघ सूचीतली नोंद ५२, कारण १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत साखर आहे. राज्याकडेही "उद्योग" अशी नोंद २४ आहे, पण ती "७ व ५२ यांच्या अधीन राहून". हे "अधीन राहून" शब्द वाचताना सुटले की सगळा हिशोब चुकतो.

साखर तयार झाली की तिचा व्यापार, पुरवठा, वाटप समवर्ती सूचीतल्या नोंद ३३ मध्ये येतं आणि किंमत नियंत्रण नोंद ३४ मध्ये. इथे दोघांनाही कायदा करता येतो. केंद्राने १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने ही जागा मोठ्या प्रमाणात व्यापली. त्या कायद्यात "अन्नपिके" या शब्दात उसाचं पीक स्पष्टपणे घातलेलं आहे. त्याच्या कलम ३ खाली ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ निघाला. एफआरपीचं मूळ या आदेशाच्या खंड ३ मध्ये आहे.

२०२५-२६ हंगामाचा दर घ्या. १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये. त्यापुढे उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ. तसंच खाली घट, पण ९.५ टक्क्यांच्या खाली उतारा गेला तरी ३२९.०५ रुपये कायम. म्हणजे ११.५ टक्के उताऱ्याच्या कारखान्याला १२.५ टप्पे गुणिले ३.४६ असे ४३.२५ रुपये वाढतात, क्विंटलला ३९८.२५, टनाला ३,९८२ रुपये ५० पैसे. तोडणी-वाहतूक यातूनच वजा होते. या आकड्यातला एक पैसाही मंत्रालयात ठरत नाही.

बांधावरून

चांगला विषय. मग प्रश्न असा, की आकडा केंद्राचा आणि आदेशही केंद्राचा असेल, तर महाराष्ट्रात एफआरपी दोन टप्प्यांत द्यायचा शासन निर्णय निघालाच कसा? आणि तो तीन वर्षं चालला कसा?

नोंदवही

@बांधावरून, हा या विषयातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे, म्हणून जरा विस्ताराने.

फेब्रुवारी २०२२ च्या त्या शासन निर्णयाचा गाभा असा: पहिला हप्ता विभागासाठी ठरवलेल्या मूळ उताऱ्यावर द्यायचा, आणि उरलेली रक्कम हंगाम संपून प्रत्यक्ष उतारा निघाल्यावर. तोवरची पद्धत आधीच्या हंगामाचा उतारा धरून एकरकमी देण्याची होती. कलमदान यांच्याच आकड्यांवर फरक काढा. १०.२५ टक्क्यांवर टनाला ३,५५० रुपये, ११.५ टक्क्यांवर ३,९८२.५०. म्हणजे टनाला ४३२.५० रुपये हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडे बिनव्याजी. शंभर टन घालणाऱ्याचे ४३,२५० रुपये. उतारा जितका चांगला तितकी अडकणारी रक्कम मोठी, म्हणून कोल्हापूर-सांगली पट्ट्यात विरोध सगळ्यात तीव्र होता.

आता कायद्याची बाजू. शासन निर्णय म्हणजे कायदा नव्हे. तो राज्याच्या कार्यकारी अधिकाराचा वापर असतो, आणि तो अधिकार अनुच्छेद १६२ मधून येतो. त्या अनुच्छेदाला परंतुक आहे: समवर्ती विषयात राज्याचा कार्यकारी अधिकार संसदेच्या कायद्याने घातलेल्या मर्यादेतच चालतो. दुसरीकडे जीवनावश्यक वस्तू कायद्याचं कलम ६ सांगतं, की कलम ३ खालचा आदेश इतर कोणत्याही कायद्यातल्या विसंगत तरतुदीवर मात करेल. १९६६ चा आदेश ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायला सांगतो, आणि दोन टप्पे त्याच्याशी विसंगत. जिथे विधिमंडळाचा कायदासुद्धा मागे हटतो, तिथे शासन निर्णय उभा राहू शकत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो शासन निर्णय रद्द केला.

तीन वर्षं चालला कसा, याचं उत्तर सोपं आहे. विसंगत शासन निर्णय आपोआप गळून पडत नाही. कोणीतरी याचिका करून न्यायालयाकडून तो रद्द करून घ्यावा लागतो. तोवर कारखाने, बँका, सहसंचालक कार्यालय सगळे त्यावरच काम करतात.

मेरठवासी

इकडे उत्तर प्रदेशात राज्य सरकार स्वतःचा ऊसदर जाहीर करतं, एसएपी म्हणतात त्याला. तो एफआरपीहून जास्त असतो आणि कारखान्यांना तोच द्यावा लागतो. तो कसा चालतो मग? तोही केंद्राच्या आदेशाविरुद्धच झाला ना?

नोंदवही

नाही, आणि कारण बारकाईने पाहण्यासारखं आहे.

पहिलं, एफआरपी हा किमान दर आहे. १९६६ च्या आदेशात कमाल मर्यादा नाही. किमान दरापेक्षा जास्त दिल्याने केंद्राचा आदेश मोडत नाही. दोन्ही एकाच वेळी पाळता येतात. दुसरं, उत्तर प्रदेशाकडे १९५३ चा स्वतःचा ऊस पुरवठा व खरेदी नियमन कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २२ एप्रिल २०२० ला हेच म्हटलं: समवर्ती सूचीतल्या ३३ आणि ३४ या नोंदींमुळे केंद्र आणि राज्य दोघांनाही ऊसदर ठरवता येतो; राज्य केंद्राच्या किमान दराखाली जाऊ शकत नाही, वर जाऊ शकतं.

म्हणजे कसोटी ही, की दोन्ही नियम एकाच वेळी पाळता येतात का. एसएपी दिली की एफआरपी आपोआप दिली जाते. दोन टप्प्यांत पैसे दिले की चौदा दिवसांचा नियम मोडतोच.

कलमदान

याला जोडून: महाराष्ट्राचाही स्वतःचा कायदा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कारखान्यांना पुरवलेल्या उसाच्या दराचं विनियमन करणारा २०१३ चा कायदा. त्याखाली ऊस दर नियंत्रण मंडळ आहे आणि महसूल वाटपाचं सूत्र आहे: साखर आणि उपपदार्थ धरून ७० टक्के शेतकऱ्याला, ३० टक्के कारखान्याला, नुसती साखर धरली तर ७५-२५. हे सूत्र एफआरपीच्या वरच्या रकमेसाठी आहे. सूत्राने एफआरपीपेक्षा कमी आकडा आला तरी एफआरपी द्यावीच लागते. मंडळाच्या बैठका वेळेवर व्हाव्यात आणि कारखान्यांचे हिशोब वेळेत तपासले जावेत, ही मागणी खरोखर राज्याकडे करण्यासारखी आहे. माझ्या मते ती जितक्या जोराने व्हायला हवी तितकी होत नाही.

जुनी_दप्तरं

विसंगतीचा विषय निघालाच आहे तर १९५४ चा एक खटला सांगण्यासारखा आहे. तोही जीवनावश्यक मालाचाच.

तेव्हाच्या मुंबई राज्यात खंजरोली गावातून मांडवीला १५ मण ज्वारी परवान्याशिवाय नेल्याचा आरोप एका माणसावर होता. तारीख ६ एप्रिल १९५१. केंद्राचा १९४६ चा अत्यावश्यक पुरवठा कायदा होता. मुंबईने १९४७ मध्ये स्वतःचा कायदा करून त्यातली शिक्षा सात वर्षांपर्यंत वाढवली होती आणि तेव्हा लागणारी वरची अनुमतीही घेतली होती. पुढे संसदेने १९५० मध्ये मूळ कायद्यातलं शिक्षेचं कलमच नव्याने लिहिलं.

आरोपीचं म्हणणं असं: मुंबईचा कायदा लागू असेल तर शिक्षा सात वर्षांची, मग मला शिक्षा देण्याचा अधिकार साध्या दंडाधिकाऱ्याला नव्हताच. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की संसदेने त्याच विषयावर नंतर कायदा केल्यावर मुंबईचा कायदा संपला. दंडाधिकाऱ्याचा अधिकार टिकला, आरोपीचं अपील गेलं.

यातून अनुच्छेद २५४ चा पूर्ण क्रम दिसतो. समवर्ती विषयात विसंगती आली तर केंद्राचा कायदा वर. राज्याने आपला कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून अनुमती मिळवली तर त्या राज्यापुरता राज्याचा वर. पण संसद नंतर कधीही त्याच विषयावर कायदा करून तोही संपवू शकते. अनुमती म्हणजे कायमचं कुलूप नाही.

बांधावरून

म्हणजे अनुमती मिळाली की निदान तेवढ्या काळापुरता राज्याचा कायदा सुरक्षित?

जुनी_दप्तरं

तेही पूर्ण नाही. अनुमती मागताना कोणत्या केंद्रीय कायद्याशी विसंगती आहे, हे प्रस्तावात लिहावं लागतं. मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या मुदतवाढीला अनुमती होती, पण ती मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि लघुवाद न्यायालय कायदा यांच्या संदर्भात मागितलेली. १९७१ चा सार्वजनिक जागांतून निष्कासनाचा (जागा खाली करवून घेण्याचा) केंद्रीय कायदा प्रस्तावात नव्हता. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की जो कायदा राष्ट्रपतींसमोर मांडलाच नाही त्याच्यावर अनुमतीचा जोर चालत नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबईतल्या जागेतला भाडेकरू भाडे कायद्याचं संरक्षण मागत होता, ते मिळालं नाही. मसुदा करणाऱ्याने प्रस्तावात एक ओळ कमी लिहिली, की तिची किंमत अशी वर्षांनंतर मोजावी लागते.

भीमाकाठ

तत्त्व समजलं. आता वसुलीचं सांगा. आदेश केंद्राचा, पण वसुली पुण्याहून का?

कलमदान

अनुच्छेद ७३ चं परंतुक असं, की समवर्ती विषयात कायदा केंद्राचा असला तरी त्याची अंमलबजावणी साधारणपणे राज्याकडे राहते. संसदेने कायद्यात वेगळं लिहिलं तरच ती केंद्राकडे जाते. शिवाय जीवनावश्यक वस्तू कायद्याचं कलम ५ केंद्राला आपले अधिकार राज्याकडे सोपवू देतं. गाळप परवाना बघा. तो साखर आयुक्त देतात, १९८४ च्या राज्याच्या आदेशाखाली. पण तो आदेशच मुळात केंद्राकडून सोपवलेल्या अधिकारावर उभा आहे.

वसुलीचा क्रम असा. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर वार्षिक १५ टक्के व्याज. हे खंड ३ मध्येच आहे. तक्रार प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांच्याकडे. तिथून अहवाल पुण्याला साखर आयुक्तांकडे. कारखान्याची सुनावणी होते आणि मग महसुली वसुली प्रमाणपत्र, म्हणजे आपली आरआरसी निघते. ती जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. थकबाकी जमीन महसुलाची समजून वसूल करायची असल्याने तिथून पुढे १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागते: मागणीची नोटीस, जप्ती, लिलाव. केंद्राचा हक्क, राज्याच्या तहसीलदाराच्या हातून.

तक्रारीसोबत वजनाच्या पावत्या तारखेनिशी जोडा आणि व्याज वेगळ्या ओळीत मागा. एक लाख रुपये मुदतीनंतर ६० दिवस थकले तर व्याज २,४६६ रुपये होतं. नुसती मुद्दल मागितली तर आरआरसीतही बहुधा नुसती मुद्दलच येते.

गोदामपाल

आरआरसी निघूनही पैसे का येत नाहीत, त्याचं मुख्य कारण वर आलेलं नाही.

गोदामातली साखर बहुतेक वेळा बँकेकडे मालतारण असते. गोदामाला कुलूप बँकेचं, साखर सोडण्याचं पत्र बँकेचं. तहसीलदार जप्तीला जातो तेव्हा तारणाचा हक्क आधी उभा राहतो. बिहारच्या एका खटल्यात ऊस आयुक्तांनी बँकेकडे तारण असलेली साखर ताब्यात घेतली होती. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेचा हक्क वरचढ मानला.

जमीन आणि यंत्रांचंही तेच. सरफेसी कायद्याचं (बँकांना तारणावरून कर्जवसुली करू देणारा केंद्रीय कायदा) कलम २६ई जानेवारी २०२० पासून लागू आहे. त्याने केंद्रीय नोंदणीत नोंदवलेल्या तारणी धनकोला (तारण घेऊन कर्ज देणाऱ्याला) सरकारी देण्यांच्याही आधी अग्रक्रम मिळतो. सहकारी बँका यातून सुटतील असं वाटत होतं, कारण सहकार राज्याचा विषय. पण मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात ५ मे २०२० ला घटनापीठाने सांगितलं, की संस्था सहकारी असली तरी तिचा बँकिंगचा धंदा संघ सूचीतल्या नोंद ४५ मध्ये येतो.

म्हणून आरआरसी लवकर निघण्याला अर्थ आहे. हंगाम चालू असताना रोज नवी साखर पोत्यात भरली जाते, मळी आणि बगॅस (उसाचा चोथा) विकली जाते. त्यातलं जे अजून तारणात गेलेलं नाही तेच हाताला लागू शकतं. हंगाम संपून चार महिन्यांनी निघालेल्या आरआरसीला जप्त करायला फारसं काही उरत नाही.

सीमाभाग

आमच्याकडे काही कारखान्यांचे सभासद दोन्ही राज्यांत आहेत, नोंदणी बहुराज्य. तिथे साखर आयुक्तांचं चालतं का?

नोंदवही

कशासाठी विचारता त्यावर उत्तर. नोंद ३२ राज्याची. पण जिचा व्यवहार एका राज्यापुरता नाही अशी संस्था संघ सूचीतल्या नोंद ४४ मध्ये जाते. मग संचालक मंडळाची निवडणूक, लेखापरीक्षण, सभासदत्वाचे वाद यांसाठी केंद्रीय निबंधक आणि २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा. निवडणुकीसाठी २०२३ च्या दुरुस्तीने आलेलं केंद्रीय प्राधिकरण. मात्र गाळप परवाना आणि एफआरपी संस्थेच्या नोंदणीवर अवलंबून नाहीत. कारखाना ज्या राज्याच्या हद्दीत, तिथल्या यंत्रणेकडे जायचं.

एकाच राज्यातल्या सहकारी संस्थांना केंद्राने हात लावण्याचा प्रयत्न ९७ व्या घटनादुरुस्तीने झाला होता. निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घेतली नव्हती, म्हणून जुलै २०२१ मध्ये तो भाग तेवढ्या संस्थांपुरता रद्द झाला.

मेरठवासी

डिस्टिलरीचं राहिलं. इथेनॉलवर कोणाचा ताबा?

गोदामपाल

दोघांचा, आणि रेघ अलीकडेच सरकली आहे. राज्य सूचीतली नोंद ८ मादक द्रवांची. १९८९ च्या निकालानुसार ती पिण्याच्या मद्यापुरती होती. २३ ऑक्टोबर २०२४ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने तो निकाल उलटवला: औद्योगिक अल्कोहोलही या नोंदीत येतं. म्हणजे औद्योगिक अल्कोहोलवरही नियमन करण्याचा राज्याचा अधिकार मान्य झाला.

पण रस किती वळवायचा, यावर केंद्राची पकड साखरेच्या बाजूने येते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करणं त्या वर्षापुरतं थांबवलं, तेव्हा अधिकार वापरला तो साखर (नियंत्रण) आदेशाचा. कारखान्यांनी कर्ज काढून उभारलेली क्षमता एका पत्राने थांबली, आणि राज्याला त्यात बोलायला जागा नव्हती. कारखान्याने महिन्याला किती साखर विकायची तो कोटाही दिल्लीचाच.

शेतकऱ्यासाठी यात एक धोका आहे. रस किंवा बी-हेवी मळी (जिच्यात काढता येण्याजोगी साखर अजून शिल्लक असते ती) इथेनॉलकडे गेली की पोत्यात साखर कमी भरते आणि उतारा कमी दिसतो. वळवलेली साखर उताऱ्यात मिळवून मगच एफआरपी काढायची असते. बिलावर "निव्वळ उतारा" असं लिहिलेलं असेल तर तो वळवलेली साखर धरून आहे की न धरता, हे लेखी विचारा.

भीमाकाठ

आणि वजनकाटा? मापात मारलं तर?

कलमदान

मापांची मानकं ठरवणं संघ सूचीत (नोंद ५०). त्यांची अंमलबजावणी पूर्वी राज्य सूचीत होती. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७७ पासून समवर्ती सूचीत ३३अ म्हणून आली, जंगल आणि शिक्षण यांच्यासोबतच. कायदा केंद्राचा २००९ चा, निरीक्षक राज्याच्या वैधमापन विभागाचा. तक्रार त्या विभागाच्या जिल्हा कार्यालयात करायची. साखर कार्यालयात दिलीत तर ती पुढे पाठवण्यातच हंगाम जाईल.

बांधावरून

सगळं वाचलं. एक शंका उरते. न्यायालयाने दोन टप्पे रद्द केले, तर आता कारखाना हप्ते पाडूच शकत नाही ना?

नोंदवही

पाडू शकतो, आणि हीच पळवाट सगळ्यात जास्त वापरली जाते. खंड ३ मध्ये चौदा दिवसांच्या आधी काही शब्द आहेत: "पक्षकारांमध्ये याविरुद्ध लेखी करार नसेल तर". ऊस नोंदीच्या वेळी गटकार्यालयात जो छापील अर्ज सहीला येतो, त्यात खालच्या बाजूला बारीक अक्षरात "कारखाना ठरवील त्या हप्त्यांत रक्कम घेण्यास संमती आहे" असं वाक्य असतं का, ते बघा. सही झाली की तोच लेखी करार म्हणून पुढे केला जातो.

ती ओळ आडवी रेघ मारून खोडा, रेघेशेजारी सही आणि तारीख घाला, आणि पोच म्हणून त्याच पानाचा फोटो काढून ठेवा. गटकार्यालयाने खोडलेला अर्ज नाकारला तर नकार लेखी मागा, आणि सहसंचालकांकडे अर्ज नोंदीच्या वेळीच द्या. तोडणी सुरू झाल्यावर देऊ नका; फडात कोयता पडल्यावर ऊस कुठेतरी घालावाच लागतो.